पुढच्या सीटवरची वांगी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा माझी कबुली सुरू झाली, की मग कुणी दात काढलेले मला चालणार नाहीत!

धुळ्याच्या एका कॉलेजात अकरा वाजता माझी मुलाखत होती. इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची नोकरी! बाबा म्हणाले, "बसने जा." मी भांडभांड भांडून गाडी मिळवली. आदल्याच संध्याकाळी ती गॅरेजमधून नवा क्लच बसवून आली होती.

गाडीसोबत नाना आले. नाना म्हणजे बाबांचे काका, मूळचे भडगावकडचे. त्यांची लेक धुळ्यात. लेकीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हणून असोद्याची भरताची वांगी. किती? अख्खी गोणी! "डिकीमा चेपाई जातीन," म्हणत नानांनी ती माझ्या शेजारच्या सीटवर बसवली आणि स्वतः मागे बसले. मी त्यांना जबरदस्तीने सीट बेल्ट लावला. केवढी जागरूक मी, बघा!

जळगाव सोडलं आणि सुरू झालं. टिंग, टिंग, टिंग! डॅशबोर्डवर सीट बेल्टचा लालभडक दिवा.

माझा बेल्ट लावलेला, नानांचा लावलेला. मग दिवा कशाला? दुसरं काय असणार, मेकॅनिकने वायरिंगची वाट लावली! गाडी बाजूला घेऊन फोन केला.

"अशोकभाऊ, क्लच बदलायला सांगितला होता की वायरी उपटायला?"

"ताई, वायरींना मी हात पण नाही लावला. तुमच्या शेजारी कोण बसलंय?"

"कोणी नाही!"

"नक्की ना?"

"डोळे शाबूत आहेत माझे. आणि मी एम.एस्सी. आहे, इलेक्ट्रॉनिक्समध्ये!"

बिचारा दबलाच. "मग शॉर्ट असेल ताई. जपून चालवा."

जपून म्हणजे किती? वेग वीसच्या खाली आला की टिंगटिंग थांबायची. झालं! मी निष्कर्ष काढला, वेग वाढला की वायर तापते. शास्त्र आहे ते!

मग काय, भर हायवेवर आमची गाडी वीसने. केळीचे ट्रक बोंबलत पुढे गेले, ट्रॅक्टर पुढे गेला. एरंडोलजवळ सायकलला दुधाचे कॅन लावलेले एक आबा बराच वेळ शेजारून चालले होते. शेवटी न राहवून त्यांनी खिडकीतून विचारलं, "का वं ताई, गाडीमा मयत शे का?"

"नही भाऊ," मागून नाना म्हणाले, "मुलाखत शे."

मी आधीच पेटलेली, त्यात नाना सुरू झाले. "पोरी, बठ्ठं वजन पुढे शे. गाडीले जड व्हस. वांगा मांगे ठेव."

"नाना, गाडीला वांगी जड होत नाहीत! बैलगाडी आहे का ही? तुम्ही जरा गप्प बसा!"

पारोळ्याला पोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. नोकरी गेल्यातच जमा. रडू आवरत मी उतरले, बॉनेट उघडलं आणि सगळं समजत असल्यासारखं आत बघत उभी राहिले. तेवढ्यात नानांनी गोणी ओढून मागे स्वतःच्या पायाशी घेतली. मी बॉनेट आपटून गाडी सुरू केली.

दिवा गायब! चाळीस, साठ... आवाज नाही!

"व्हयनी ना हलकी?" नाना म्हणाले.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. वजन जाणवलं की सीटखालचा सेन्सर समजतो, माणूस बसलाय. गाडी जळगावपासून सांगत होती, या पंधरा किलोच्या बाईला बेल्ट लावा! आणि हाच सेन्सर मला परीक्षेत आला होता. आकृतीसह लिहिला होता मी!

कॉलेजात पोचायला साडेअकरा. शिपायाने उशिराचं कारण लिहायला कागद दिला. मी ऐटीत लिहिलं, 'गाडीत तांत्रिक बिघाड.'

प्राचार्यांनी तो वाचला आणि ते खुलले. "वा, तुमचाच विषय! नेमका बिघाड काय होता? आणि शोधलात कसा?"

थाप मारायला तोंड उघडलं, पण एकही धड थाप सुचेना.

"सर, वांग्यांना सीट बेल्ट लावला नव्हता," मी म्हणाले. "आणि बिघाड मी नाही शोधला. ज्यांनी शोधला ते बाहेर बाकावर बसलेत."

"असं? मग तुम्ही बाहेर बसा," प्राचार्य म्हणाले, "आणि त्यांना आत पाठवा!"

नानांना लेकीकडे जायची घाई होती, म्हणून नोकरी मला मिळाली.