सावित्राबाईची सई

सत्तावन्न सालच्या तापाच्या साथीत लोहगडवाडीचं भजन बंद पडलं. करमणूक उरली ती फक्त सावित्राबाईच्या जात्याची. ही माझी चुलती. तोंडानं फटकळ, गळ्यानं गोड. पहाटे दळताना ती ओवीची पहिली ओळ मोठ्यानं म्हणायची आणि शेजारच्या घरातून तिची सई हिरी आपल्या जात्यावरून दुसरी ओळ द्यायची. तापानं फणफणलेली आळी अंथरुणातून ऐकायची.

एका पहाटे सावित्राबाईनं ओळ टाकली,
"गडाच्या माथ्याला ढग बसला टेकून..."

उत्तर आलं नाही. मग शेजारी जातं घरघरलं. त्यात दाणा नव्हता, नुसता दगडावर दगड. रिकामं जातं आमच्यात कुणी फिरवत नाही, अशुभ मानतात. त्यावर हिरीच्या नवऱ्याचा, बुधाचा, घोगरा आवाज आला,
"सईच्या अंगणात ऊन येऊ दे वाकून..."

बाप्या जात्यावर बसला, म्हणजे घरात बाई उरली नाही. आळीला कळलं.

सावित्राबाईचं जातं थांबलं. मग ती कुडातून ओरडली, "बुधा, चाल चुकली! माझी हिरी अशी म्हनत न्हाई. पुन्यांदा म्हन!"

उजाडेपर्यंत तिनं त्याला तीच ओळ म्हणायला लावली. ओवी चालू होती तोवर हिरी गेली असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.