पाळण्यातलं आडनाव

भावाला मुलगा झाला आणि वहिनीने जाहीर केलं, बाळाचं नाव तिच्या माहेरचं आडनाव. म्हणजे आडनाव हेच नाव! तेही असं, की पहिल्यांदा ऐकणारा हमखास "काय?" म्हणून परत विचारतो.

वहिनी नंदाखाल गावची, एकुलती एक. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. वडील केळी-नारळाच्या वाडीत एकटेच राहतात आणि त्या आडनावाचे आता तेवढेच उरलेत. "बाबांच्या मागे या नावाने हाक मारायला कुणीच नसेल हो," ती म्हणाली आणि डोळे पुसून पुन्हा दुपट्यांच्या घड्या घालायला लागली.

फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये मग जो तो मत द्यायला मोकळा. शेजारच्या काकू म्हणाल्या, शाळेत बाई विचारतील, बाळा, नाव राहिलं की घरी! आई मात्र वेगळ्याच मुद्द्यावर अडली. थोरांचं नाव ठेवलं, तर त्या नावाने पोराला रागवायचं कसं? "उद्या या कार्ट्याने दूध सांडलं तर व्याह्यांच्या नावाने ओरडू?"

"मग हाक मारायला दुसरं काहीतरी ठेवू," भाऊ म्हणाला. तशी पद्धत आहेच.

"हाकेतच नसेल तर ठेवायचं कशाला?" वहिनी म्हणाली. शेवटी तेच नाव ठरलं.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. खरं सांगते, मलाही ते आडनाव जरा रांगडंच वाटायचं. पण पाळण्याशी वाकले आणि दारात केळीचा घड घेऊन उभे असलेले वहिनीचे वडील दिसले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी 'कुर्रर्र' केलं आणि ते आडनाव बाळाच्या कानात आणि मग साऱ्या घराला ऐकू जाईल असं सांगून टाकलं. पाठीत गुद्दे बसले. आईचा सगळ्यात जोरात.

"बाय, पोराच्या डोक्यावर हे ओझं कशाला?" एवढंच वहिनीला म्हणून तिचे वडील गॅलरीत निघून गेले.

आता स्वारी घरभर धावते. आईनेही तोड काढली आहे: रागवायचं, पण अहोजाहो करून. आडनावापुढे 'राव' लावून ती ओरडते, "अहो, उतरा त्या टेबलावरून! पाय मोडून ठेवीन हं तुमचे!" आम्ही पोट धरून हसतो.

परवा असाच तिचा पट्टा चालू होता आणि दार उघडंच होतं. बाहेर वहिनीचे वडील उभे. चपला काढायच्या विसरून ऐकत होते. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा हो, तुमचं नाव घेऊन..."

"रागवा, विहीणबाई," ते म्हणाले. "आमची ही कधी माझं नाव घ्यायची नाही. पण रागावली की आडनावाने ओरडायची. किती वर्षांनी ऐकलं."