चालताना बोलायचं

तुमचे आजोबा गेल्यावर मी कितीतरी महिने घरातच बसून काढले. बसण्याचीही सवय लागते. दिवाळीच्या सुमारास खुर्चीतून उठायला टेबलाचा आधार लागू लागला, आणि एकदा बाथरूमच्या दारात तोल जाऊन पडले. मोडलं काही नाही. पण तुमच्या बाबांनी फोनवर स्पष्टच सांगितलं की उन्हाळ्यात मी येतो आहे; तोवर तुझे पाय सुधारले नाहीत तर कर्वेनगरचं घर बंद करून तुला इकडे आमच्याकडे आणणार.

मला हे घर सोडायचं नव्हतं. आजोबांचा चष्मा अजून खिडकीतच होता.

डॉक्टरांनी मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. तिने सुरुवातीला बाहेर पाऊलच टाकू दिलं नाही. खुर्चीत बसायचं, हात न टेकता उठायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. मला हे बालवाडीतलं वाटलं, पण सांगितलेलं नीट करणं हा माझा स्वभाव. मग चालण्याची परवानगी मिळाली, तीही सोसायटीच्या आवारापुरती. पायात चपला नाहीत, बूट. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि कळवायचं. चालायचं किती वेगाने, असं मी विचारलं.

"बोलत चाला, आजी," ती म्हणाली. "बोलताना धाप लागली की स्पीड कमी. बोलताच आलं नाही तर बसायचं."

इथेच अडलं. तुमचे आजोबा आणि मी चालताना कधी बोललोच नव्हतो. नारायण पेठेत नवा संसार होता तेव्हापासून ते पुढे, मी मागे. मंडईतून येताना जड पिशव्या त्यांच्या हातात, तरी पुढे तेच. कोपऱ्यावर थांबायचे, मागे वळून न बघता. मी पोहोचले की पुन्हा चालू लागायचे. आवारातल्या त्या पहिल्या दिवशी मी सवयीने गप्प चालले, आणि गप्प चालले म्हणून त्यांना गाठायचं असल्यासारखी भरभर निघाले. पार्किंगपाशीच धाप लागली. कुणाच्या तरी स्कूटरला टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याशीच बोलू लागले. हळू आवाजात. अहो, टाकीचा पंप पुन्हा बिघडला. अहो, तुमच्या मित्राच्या नातीचं लग्न ठरलं. तळमजल्यावरचे गृहस्थ झाडांना पाणी घालत सगळं ऐकत होते. चार दिवसांनी म्हणाले, "नवा फोन घेतलात वाटतं. कानात काही दिसत नाही, म्हणून विचारलं."

"फोन नाही," मी म्हटलं. "ह्यांच्याशी बोलते."

त्यांनी पाण्याची नळी दुसऱ्या कुंडीत धरली. पुन्हा कधी विचारलं नाही.

पाय हळूहळू ऐकू लागले. आवारातून कोपऱ्यापर्यंत, मग बागेपर्यंत. एका सकाळी बागेत मोगरा फुलला होता. तेवढंच सांगायला तोंड उघडलं आणि शब्द येईना. श्वास अगदी शांत होता, छातीत काही नव्हतं. पण बोलता आलं नाही तर बसायचं, हे ठरलेलं होतं. मी बाकावर बसले, आणि ते गेल्यापासून न आलेलं रडू त्या बाकावर आलं.

उन्हाळ्यात तुमचे बाबा आले. मी त्यांना बागेपर्यंत घेऊन गेले आणि परत आणलं, सारा वेळ तुमच्या शाळेबद्दल विचारत. जिना चढून आल्यावर धापा तेच टाकत होते. पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला.

"राहा मग इथेच, आई," ते म्हणाले. "आता कुठल्या तोंडाने चल म्हणू?"

मला हवं होतं ते मिळालं. ते एकटेच परत गेले. त्या संध्याकाळी मी जरा फिरून आले तेव्हा लक्षात आलं की तुमच्याजवळ येऊन राहायला माझ्याकडे एकच कारण होतं, आणि तेही मी माझ्या पायांनी घालवलं.