शिवादादाचा घोट

दादा घोट गिळायचा की नाही? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. कुणीच उत्तर दिलं नाही. किस्से मात्र प्रत्येकाने सांगितले! माणूस गेला की असंच होतं. ज्याला भेटावं तो एक नवाच किस्सा हातात ठेवतो. महिन्याभरात माझ्याकडे ढीग झाला.

माझा थोरला भाऊ शिवराम रत्नागिरीत रुस्तमशेठच्या विलायती दारूच्या दुकानात होता. बोटीने व्हिस्कीचं पिंप आलं की आधी तो चव घेणार, मग ठरवणार पाणी किती घालायचं. नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली होती, "एक थेंब गिळलास तर या घराची पायरी चढू नको."

दादा मुदतीच्या तापाने गेला. पण मसणातच शेजारचा बाब्या कुजबुजला, "ताप कसला, दारूने खाल्लान त्याला." मी बाब्याला वहाळात ढकलला. पण शब्द आईच्या कानात गेला तो गेलाच. त्या दिवसापासून तिने दादाचं नाव घेतलं नाही.

* * *

पिंप फोडायचं ते शनिवारी दुपारी, दुकानाच्या मागच्या खोलीत. शेठ, त्यांचे दोस्त वकीलसाहेब, आगबोटीवर जन्म काढलेले इब्राहीमचाचा आणि दादा. प्रत्येकाने वास ओळखायचा.

एकदा भलतंच धुरकट पिंप आलं. वकील म्हणाले, "होमाचा धूर." चाचा म्हणाले, "होडीला लावायचं डांबर." शेठ म्हणाले, "साला, हा तर इस्पितळाचा वास!"

दादा शेवटी बोलला. "हर्णैला सुकटीची खोपी जळतेय, आणि आत कुणीतरी मनुकांचा डबा उघडा टाकून पळालाय."

शेठ खूश! तिकडे विलायतेत म्हणे जवाची मोडं जळाऊ मातीच्या धुरावर सुकवतात, आणि या पिंपाच्या लाकडात आधी शेरी नावाची गोड दारू होती.

"त्यात काय," दादा म्हणाला. "आमसुलांच्या बरणीत आई पाणी ठेवते, ते पण आंबटच लागतं."

* * *

इब्राहीमचाचा पीत नसत. नुसता वास घेत. "पिणं हराम. नाकाला कुणी मना केलंय?"

एकदा इतका खोल वास घेतला की व्हिस्की नाकातच गेली. अशी शिंक आली की वकिलांची पगडी खाली! चाचा डोळे पुसत म्हणाले, "तोबा! ही प्यायल्यात धरू नका. ही आपणहून आली."

* * *

पिंपातली व्हिस्की जशीच्या तशी घेतली तर जीभ सोलून निघते. दादा सगळ्यांना बजावायचा. वकील म्हणाले, "पाणी बायकांना घाल." आणि अख्खा घोट घेतला.

सोमवारपर्यंत आवाज बसलेला. कोर्टात उभे राहिले, नुसते हात हलवले, घशातून दोन शब्द काढले आणि बसले. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, आपला मुद्दा मला आज पहिल्यांदा समजला."

दावा जिंकले!

* * *

शेठचा एक तांबडा कोंबडा होता. एरवी शहाणा. पण शनिवार दुपार झाली की त्याचं डोकं फिरायचं. भर उन्हात आरवायचा, शेठच्या चकचकीत बुटावर चाल करून जायचा, मग मागच्या अंगणाच्या गडग्यावर चढायचा आणि झोपेत खाली पडायचा.

शेठने गुरांचा डॉक्टर आणला. त्याने डोळे बघितले, पंख उचलून बघितले. "हवा मानवत नाही."

"अरे, इथेच अंड्यातून निघाला ने! शिवा, तुला काय वाटते?"

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "वय झालं असेल, शेठ."

* * *

मी तिघांनाही विचारलं, दादा गिळायचा का? चाचा म्हणाले, "चव घेताना तो आमच्याकडे पाठ करून खिडकीशी जायचा, बाबा. डोळे मिटून घ्यायचा म्हणे." शेठ नाक शिंकरत बसले. वकील म्हणाले, "जे पाहिलं नाही, त्याची साक्ष मी देणार नाही." मला त्यांचा असा राग आला!

* * *

परवा शनिवारी दादाचा कोट आणि छत्री आणायला दुकानात गेलो. आई सोबत आली, पण आत येईना. मागच्या अंगणात उभी राहिली.

आत नवं पिंप फोडलेलं. तीन ग्लास भरलेले, चौथा रिकामा. शेठ म्हणाले, "डिकरा, शिवाच्या जागी आज तू सांग."

मी विचार केला नाही. ग्लास भरला आणि बिनपाण्याचा घोट तोंडात घेतला. धूर, मनुका आणि निखारा! डोळ्यांतून पाणी. धावत खिडकी गाठली.

खाली तांबडा कोंबडा उभा होता. मान वर, चोच उघडी, डोळा माझ्यावर.

आईने कोंबड्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग माझ्या फुगलेल्या गालांकडे. पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. तिचे खांदे हसण्याने गदगदत होते.

"दत्तू," ती म्हणाली, "अरे, आपल्या शिवाचा कोंबडा कधीचा ताटकळलाय."

मी खिडकीतून वाकलो आणि घोट त्याच्या चोचीत सोडला.