पाव्हण्यांची ओळ

जवारीवाली आमच्या घरी राहायला आली, त्याच संध्याकाळी तिने माझ्या तोंडात घास भरवला.

ताटं वाढली होती. तिने भाकरीचा मोठा तुकडा मोडला, त्यात वांग्याची भाजी गुंडाळली आणि तो घास आधी माझ्या आईच्या तोंडाशी नेला. आईने मुकाट्याने तोंड उघडलं. मग बायकोची पाळी झाली आणि मग माझी. पन्नाशीला आलेला, कपाळाला विभूती लावून दुकानात बसणारा मी माणूस. मी मागे सरकलो.

"घ्या की आता," बायको म्हणाली. "लेकरू घास धरून बसलंय. लग्नातला घास सोडला तर मी बी कवा भरवला न्हाई तुम्हाला. कुणीतरी भरवायलंय, तर खावा!"

मी घास घेतला. तो इतका मोठा होता की मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. तिच्या देशात जेवायला बसलं की पहिला घास दुसऱ्याला भरवतात, आणि घास लहान असला तर भरवणारा कंजूष ठरतो, हे तिने आम्हाला मोडक्या हिंदीत आणि बऱ्याचशा हातवाऱ्यांनी सांगितलं.

तिचं नाव तिगिस्त. इथिओपियातल्या एका खेड्यातली ही मुलगी ज्वारीवर अभ्यास करायला लातूरच्या शेतकी कॉलेजात आली होती. वसतिगृहात जागा नव्हती. तिचे सर आमच्या दुकानातून पाण्याच्या मोटारी नेत; त्यांनी विचारलं, मुलगा पुण्याला गेल्यामुळे तुमची एक खोली रिकामी आहे ना? मी हो म्हणालो आणि लगेच मला अपराधी वाटू लागलं. परक्या मुलीला आपल्याकडे कसलाच त्रास होऊ नये, ही जबाबदारी आपल्याला पेलणार का? माझा स्वभावच असा आहे. गिऱ्हाइकाची मोटार जळाली तरी मला वाटतं, आपणच त्याला नीट समजावून सांगितलं नसेल.

गल्लीत तिला कुणी नावाने हाक मारली नाही. ती रोज कॉलेजातून येताना ज्वारीची धाटं काखेत मारून यायची, म्हणून दूधवाल्याने तिला जवारीवाली म्हटलं आणि तेच नाव पडलं. मराठी ती माझ्या आईकडून शिकली. त्यामुळे कॉलेजातले पुण्याकडचे एक प्राध्यापक तिच्याशी बोलायला गेले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "सर, लई फिकर करू नका, जवारी बरी हाय." ते थक्क झाले. आईला ही गोष्ट कळल्यावर ती आठवडाभर शेजारणींना सांगत होती.

आईला तिचे उपास मात्र समजायचे नाहीत. बुधवारी आणि शुक्रवारी तिच्या चर्चचा उपास; त्या दिवशी ती दूध, दही, तूप काहीच घ्यायची नाही. आमच्या लिंगायत घरात मांस-अंडं नाहीच, त्यामुळे तिचं जेवण सोपं जाईल असं आम्हाला वाटलं होतं.

"उपासाला दूध चालत न्हाई?" आई म्हणाली. "मग ह्यो कसला उपास गं बाई? आमचा महादेव तर दुधानंच न्हातो."

"आजी, तुमच्या महादेवाला चालतंय," ती म्हणाली. "मला न्हाई."

तेव्हापासून बुधवार-शुक्रवारी आमच्या घरात शेंगदाण्याच्या कुटाची आमटी होऊ लागली. ती अजून होते.

रविवारी ती कॉफी करायची. म्हणजे आपण करतो तशी नाही. आधी हिरव्या बिया तव्यावर भाजायच्या, त्यांचा धूर हाताने प्रत्येकाकडे वारायचा, मग कुटायच्या, मग मातीच्या सुरईत उकळायच्या. शेजारी ऊद जळत असायचा. पहिला कप झाला की मी दुकानाकडे निघायचो. "काका, बसा," ती दरडावायची. "तिसरा कप आशीर्वादाचा असतंय. त्याच्या आधी उठायचं न्हाई." आणि मी बसायचो. दुकान रविवारी उशिरा उघडू लागलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यामुळे काहीही बिघडलं नाही.

तिचा अभ्यास असा होता: ज्वारीची निरनिराळी वाणं एकेका ओळीत पेरायची आणि कमी पाण्यात कोणतं तग धरतं ते पाहायचं. शिरूर अनंतपाळजवळ आमचं शेत आहे. त्यातला पाणंदीकडचा तुकडा मी तिला दिला. कणसं निसवली तेव्हा प्रत्येक ओळीतली काही कणसं तिने निवडली आणि दुसऱ्या वाणाचा पराग लागू नये म्हणून त्यांच्यावर कागदी पिशव्या चढवल्या. पिशवीवर त्या वाणाचा नंबर. ही कणसं पिकल्यावर त्यांचे दाणे तोलायचे, आणि त्यावर तिची पदवी. पदवी घेऊन परतली तर तिच्या जिल्ह्यातल्या संशोधन केंद्रातली जागा तिची होती. नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. उन्हाळ्यात तिची भारतात राहण्याची मुदतही संपत होती. दुसरा हंगाम तिच्या हातात नव्हता.

आणि वेळ अमावस्या आली.

आमच्या भागात त्या दिवशी शहरं ओस पडतात. सगळे शेतात जातात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पांडवांची पूजा होते, मिसळ भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, आंबील प्यायचं, आणि पाणंदीने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. ज्याच्या शेतात जास्त माणसं जेवली त्याचा सण मोठा. आमच्याकडे त्या दिवशी खूपच माणसं होती. आंबिलाचं गाडगं डोक्यावर घेऊन शेताला फेरी घालण्याचा मान आईने जवारीवालीला दिला. "ओलगे ओलगे, सालम पोलगे" अशी त्या दिवसाची आरोळी ठोकत ती आमच्यापुढे चालली होती आणि तिचा आवाज सगळ्यांत वर होता.

जेवणं झाली आणि नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, पाहुण्यांना घेऊन हुरड्यासाठी निघाले. मी कोपीजवळ उभा होतो. मामा पिशव्या घातलेल्या ओळींपाशी थांबले आणि आनंदाने ओरडले, "बघा, ह्याला म्हणतेत पाहुणचार! पाखरानं तोंड लावू नये म्हणून आपल्यासाठी पिशव्या घालून राखून ठेवलीत कणसं!"

आणि त्यांनी पहिली पिशवी फाडली.

मी पाहिलं. दोन पावलं पुढे गेलो आणि थांबलो. वेळ अमावस्येला पाहुण्याचा हात धरायचा? तोही मामांचा, दहा माणसांदेखत? लोक पिशव्या काढत गेले, आगटीत कणसं भाजत गेले. "ग्वाड हाय, ग्वाड हाय" करत तिचा सगळा अभ्यास माझ्या डोळ्यांदेखत लोकांनी खाल्ला.

पाहुणे गेल्यावर मी तिला शोधलं. ती ओळींमधून वाकून चालत होती आणि जमिनीवर पडलेल्या पिशव्या गोळा करत होती.

"तिगिस्त, मी बघितलं होतं गं," मी म्हणालो. "मला ओरडता आलं न्हाई. तुझं वाटोळं मी केलं."

तिने वर पाहिलं. डोळे लाल होते. "मी बी बघितलं, काका. मी तिथंच आंबील वाढायले होते."

"मग तू का न्हाई थांबवलंस?"

"आमच्याकडं पाव्हण्याचा हात धरत न्हाईत. तुमच्याकडं धरतेत?"

"न्हाई."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली. आयुष्यभर नको ती ओझी वाहणाऱ्या मला इतक्या कमी शब्दांत कुणी मोकळं केलं नव्हतं.

सरांनी शेत पाहून मान हलवली. लांबच्या टोकाची कणसं वाचली होती, पण तेवढ्याने प्रबंध उभा राहणार नाही, पुढच्या रब्बीत पुन्हा पेरावं लागेल, असं ते म्हणाले. ती दोन दिवस खोलीतून फारशी बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या फाटक्या पिशव्या ओसरीवर मांडल्या, नंबराप्रमाणे ढीग लावले आणि मला हाक मारली. काही ढीग अगदी लहान होते. दोन ढीग मात्र मोठे होते.

"काका, बघा. आधी लोकांनी दिसंल ते मोडलं. मग चव कळल्यावर ह्या दोनच ओळींवर तुटून पडले." तिने एका मोठ्या ढिगावर हात ठेवला. "आन् हे वाण कमी पाण्यात बी टिकलंय. नुसतं टिकून काय उपयोग? लोक पेरतेत काय? जे खायला आवडतंय तेच ना?"

सरांना ते पटलं; पण नीट करायचं, असं त्यांनी बजावलं. म्हणून कणसं कोवळी होती तोवरच, पुढच्या रविवारी, त्याच पाहुण्यांना पुन्हा शेतात बोलावलं. आपण काय खाल्लं ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं; मी फोन करू लागलो तर निम्मे लोक आधीच माफी मागायचे. मामा म्हणाले, "भाच्या, मी गुन्हेगार हाव. पर दुसऱ्यांदा बी खायला बोलावणारं घर मी पहिल्यांदाच बघायलोय." पिशव्या न घातलेली कणसं तिने ओळीवार भाजली, हुरडा पत्रावळींवर ठेवला, कोणता कुठला ते झाकलं आणि प्रत्येकाला एकेक हरभऱ्याचा दाणा दिला. जो हुरडा आवडेल त्यासमोरच्या वाटीत दाणा टाकायचा. मामांनी डोळे मिटून सगळे चाखले, पुन्हा एकदा चाखले आणि मग गंभीरपणे दाणा टाकला. संध्याकाळी दोन वाट्या भरल्या होत्या. त्याच दोन ओळींच्या.

तोंडी परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे मागच्या बाकांवर बसलो होतो. मामा नांदेडहून फेटा घेऊन आले होते. वाणांची पसंती ठरवणारे हे लोक कोण होते, असं बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं. जवारीवाली वळली, आमच्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "माझे पाव्हणे. ह्यांनी माझी पहिली कणसं खाल्ली, म्हणून मला खरा प्रश्न सापडला." परीक्षक मोठ्याने हसले. निकाल सांगितला तेव्हा मामांची शिट्टी साऱ्या कॉलेजात ऐकू गेली, आणि तिच्या कुरळ्या केसांवर फेटा बसेना म्हणून त्यांनी तो तीनदा बांधला.

सरांनी पेढे आणले होते. आईने हात आडवा केला. "आज शुक्रवार हाय. ती दुधाचं खात न्हाई." आणि तिने पिशवीतून गूळ-शेंगदाण्याचे लाडू काढले.

ती गेली तेव्हा हैदराबादच्या गाडीत बसण्याआधी तिने शिदोरीतली भाकरी सोडली आणि आम्हाला एकेक घास भरवला. या वेळी मी मागे सरकलो नाही. उलट मीही तिला भरवला, मोठा घास, कंजुषी न करता. माझी बायको रडत रडत म्हणाली, "आता तरी शिकले!"

गेल्या दिवाळीच्या सुमारास तिचा व्हिडिओ आला. संशोधन केंद्राचं शेत, डोंगराचा उतार, माणसांची गर्दी, सगळे कणसं खाताहेत. "काका, इकडं बी खाल्ली!" ती ओरडत होती. "पर ह्या बारीला मीच एक ओळ पाव्हण्यांची पेरली होती. माझ्या ओळींना कुणी हात लावला न्हाई."

आमच्याकडेही पाणंदीच्या कडेला आता तशी एक ओळ असते. वेळ अमावस्येच्या आधी आई शेतात जाते आणि त्या ओळीतल्या कणसांवर स्वतःच्या हाताने कागदी पिशव्या चढवते. अमावस्येला मामा पाहुण्यांना घेऊन थेट तिकडे चालतात, पहिली पिशवी फाडतात आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं सांगतात, "बघा, आपल्यासाठी राखून ठेवलीत!"

आणि आता ते खरं असतं.