आपली बाग किती दिवसांची?

मोहाडीच्या केरूअण्णाला तारीख विचाराल तर तो बायकोकडे बघेल. द्राक्षबागेत दिवस मोजतात ते छाटणीपासून. छाटणीला चाळीस दिवस झाले, की बाग चाळीस दिवसांची. तिसरीत असल्यापासून त्याची लेक हर्षाली रोज सकाळी त्याच्यामागे बागेत येऊन विचारायची, “बाबा, आपली बाग आज किती दिवसांची?” तो ऐटीत आकडा सांगायचा. कारभारी माणसाचे एवढेच काय ते लाड.

यंदा ती अकरावीत गेली आणि दिवाळीला केरूअण्णाचा चुलतभाऊ ललित बंगळुरूहून आला. हा विश्वाच्या जन्माचं गणित मांडणारा शास्त्रज्ञ. झालं, चार सकाळी तो प्रश्न आलाच नाही. लेक आपली ओट्यावर काकापुढे मांडी ठोकून. केरूअण्णाचा नुसता जळफळाट झाला. शाळेत तो आणि ललित एका बाकावर, आणि पाढे केरूचेच चोख होते. बागेसाठी शाळा सुटली ती त्याची, ललितची नाही.

पाचव्या सकाळी तो पंपात औषध कालवत होता, कान मात्र ओट्याकडे.

“प्रयोगात वेळ मोजायला बाहेर घड्याळ असतं,” ललित सांगत होता. “अख्ख्या विश्वाच्या बाहेर ते टांगणार कुठं? म्हणून त्याच्या समीकरणात वेळच उरत नाही.”

“मग दिवस जातात कसे?”

“आमच्यातले काही म्हणतात, आतल्याआत. एका गोष्टीचा बदल दुसरीच्या बदलाशी ताडायचा, तीच वेळ.”

“म्हणजे आमच्यासारखंच,” हर्षाली म्हणाली. “वरच्या बागेची छाटणी आधी, खालचीची नंतर, म्हणून दोन्हींचे दिवस वेगळे. सकाळ एकच.”

ललित वही घेऊन धावतच आला. “दादा, नेमके आकडे सांग. व्याख्यानात घालतो.”

लेक नेली, आता बागही न्यायला निघाला. “वरची पन्नास,” केरूअण्णानं धडधडीत खोटं सांगितलं. हर्षालीनं बापाकडे पाहिलं.

थोड्या वेळानं ती वेलींच्या ओळीत त्याच्यामागे येऊन उभी राहिली. “बाबा, आपली बाग आज किती दिवसांची?”

त्यानं मान वर केली नाही. “बेचाळीस.”

“माहितीये. मी रोज मोजते.”

“मंग इचारती कशाला?”

“तुम्ही सांगता म्हणून.”

केरूअण्णानं एका घडावरचं पान बाजूला केलं. मग म्हणाला, “जाय, तुझ्या काकाला सांग, वरची पन्नास नाय, बेचाळीस. अन् खालची पंचवीस, ते बी लिव म्हणावं.”