घेटुळी कुणी शिकवली

निघताना आई विमानतळावर आली नाही, कारण मीच तिला येऊ नको म्हटलं होतं. "गर्दी असते, उगीच दगदग," असं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. सोबत कंपनीत निवड झालेले आणखी दोघं होते, आणि आई आठवडी बाजारात औषधी मुळ्या-पाला विकते हे मला त्यांना कळू द्यायचं नव्हतं. एसटी स्टँडवरच तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि ती बाजाराला गेली.

आता आयर्लंडमध्ये, लिमरिकजवळ औषधांच्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. इथल्या लोकांसारखा कपाटाला 'प्रेस' म्हणतो, कसा आहेस विचारलं की 'ग्रँड' म्हणतो. गेल्या महिन्यात कॅन्टीनच्या भिंतीवर प्रत्येकाने आपल्याकडच्या एका औषधी वनस्पतीचं कार्ड लावायचं ठरलं. मी घेटुळी निवडली. संस्कृतात पुनर्नवा, पुन्हा नवी. उन्हाळ्यात वाळते आणि पावसाळ्यात त्याच मुळातून फुटते म्हणून. लॅटिन नावाचा पहिला शब्द एका डच डॉक्टरच्या आडनावावरून आलाय, दुसऱ्याचा अर्थ पसरलेली. सुजेवर भाजी करून खावी, हे आईने सांगितलेलं. खाली 'कुणाकडून शिकलात' अशी ओळ होती. तिथे मी विद्यापीठाचं नाव ठोकून दिलं. आयत्या बिळावर नागोबा!

शेजारी नोराचं कार्ड होतं. ती इथल्याच ट्रली गावाकडची, आमची लॅब टेक्निशियन. तिचं झाड स्लॉनलुस, बांधावर उगवणारं, लांबट पानांचं. आयरिशमध्ये स्लॉन म्हणजे धडधाकट, लुस म्हणजे वनस्पती. पाला जखमेवर चोळतात. आणि खाली ठळक अक्षरांत, 'माझी आई. लोकांची धुणी धुवायची.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी मी विद्यापीठ खोडून आईचं नाव लिहिलं, धंद्यासकट. फोटो बहिणीला पाठवला, तिने आईला वाचून दाखवला. संध्याकाळी आईचा व्हॉइस मेसेज आला. "माजं नाव कशाला ल्हिलंस रं? पुसून टाक. लाज वाटंल तुला तितं."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, इतकी वर्षं. आणि ती माझीच लाज सांभाळत आली.

कार्ड तसंच आहे. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी पुणे सांगायचो; आता गावाचं नाव सांगतो. डिसेंबरचं तिकीट काढलंय. बाजाराच्या दिवशी पोचेन आणि तिच्या गोणपाटावर, तिच्या शेजारी बसेन. माझं घर आता तेवढंच. ती म्हणेल, "ऊठ, कुनी बघंल." कुणी बघण्याची नाही, तिच्या त्या म्हणण्याचीच भीती वाटते.